पाठीचं माप

१२ जानेवारी

बाबा, नमस्कार. आईंनाही सांगा.

फोनवर मी काही बोलले की तुम्ही "हो, हो" म्हणता, आणि मग आईंकडून कळतं की त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. म्हणून लिहून पाठवते आहे. शिवाय सोबत फोटो आहेत, ते फोनवरून ऐकवता यायचे नाहीत.

मला एक जुनी गाडी घ्यायची आहे. उंच, दणकट, चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणारी. डांबरी रस्ता संपला की जिचं काम सुरू होतं, तशी. मागच्या सीटा आडव्या केल्या की दोघींना पाय पसरून झोपता आलं पाहिजे. तंबू मला उभारता येत नाही आणि शिकायची हौसही नाही.

तुम्ही चष्मा काढून ठेवला असणार. परत घाला आणि पुढचं वाचा.

चिमी मागच्या महिन्यात नऊ वर्षांची झाली. तिचा बाबा, तुमचा भिंगरी, म्हणायचा, ती आठ वर्षांची झाली की तिला पठारावर मुक्कामाला नेईन, त्याआधी तिला तिथली थंडी सोसायची नाही. आठवं वर्ष आलं आणि गेलं.  परवा जेवता जेवता म्हणाली, "आई, बाबा सांगायचा ती जागा खरंच आहे, की मला झोपवायला सांगायचा?" ती जागा मीही पाहिलेली नाही. तो दर वेळी चल म्हणायचा, आणि इथे लॅबमध्ये दर वेळी माझ्या टेबलावर कुणाची तरी कवळी अर्धी पडलेली असायची. लोकांना दात बसवून द्यायच्या नादात ते राहून गेलं.

तुम्हाला काय आठवेल ते मला माहीत आहे. त्याच वाटेवर नदीच्या पात्रात पाणी आलं आणि जीप गेली आणि तो गेला. दोन वर्षं झाली. मी विसरून हे लिहिलेलं नाही.

तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवल्यात. भिंगरी तुमचंच वाक्य सांगायचा: इंजिन खोटं बोलतं, मीटर खोटं बोलतं, सीट बोलत नाही. दोन गाड्यांच्या सीटांचे फोटो पाठवते आहे, एक पांढरी आणि एक हिरवी; हिरवीचा मालक म्हणतो, तो एकटाच वापरायचा. बघून सांगा.

तुमची सून


२१ जानेवारी

सूनबाई, आशीर्वाद.

चष्मा काढला नव्हता. पुसत होतो.

पांढरी गाडी पाण्यात बुडून वर आलेली आहे. सीटचं कापड नवं घातलंय, पण सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर मागेपुढे सरकते त्यांच्यावर तांबूस गंज आहे. तेवढा गंज हवेने येत नाही. तुझा विश्वास बसत नसेल तर जाऊन ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढ, अगदी शेवटपर्यंत. तो भाग कोणी धूत नाही. तिथे चिखलाची रेघ दिसेल. आणि खिडक्या लावून जरा वेळ आत बस, नाक तुला सांगेल.

हिरवी भाड्याने धावलेली आहे. मीटर काहीही म्हणो. माणूस उतरताना सीटच्या ज्या कडेला घासतो ती कड पार बसलीय. मालक एकटा वापरायचा म्हणाला ना? एकट्या माणसाने एवढी कड बसवायची तर त्याला दिवसभर चढत-उतरत राहावं लागेल.

चांगली सीट कशी ओळखायची तेही सांगून ठेवतो, म्हणजे दर वेळी माझं डोकं खायला नको. शिवणीच्या खोबणीत जुनी धूळ घट्ट बसलेली असली तर समजायचं, ही कधी उसवलेली नाही. आतलं लपवायला कोणी हात घातलेला नाही. गाडी पुसलेली हवी, पण खोबणीत धूळ हवी. धूळ हा सीटचा दाखला.

इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय, पण या दोन्ही शेळ्या घेऊ नकोस. गाडी हवीच असेल तर लहानशी घे. चिमीला शाळेत सोडता येईल, बाजारहाट होईल. तुझ्या घरापासून लॅबपर्यंत दगड नाहीत.

पठाराबद्दल मी काही लिहीत नाही. मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तुझी सासू म्हणते चिमीच्या दुधाचे दात सगळे पडले का ते कळव. तू दातातली असून सांगत नाहीस.

बाबा


९ फेब्रुवारी

बाबा,

पांढऱ्या गाडीचा पट्टा ओढला. शेवटाला चिखलाची रेघ होती, अगदी पट्टीने आखल्यासारखी. विकणारा माणूस म्हणाला, "ताई, पट्टा कशाला ओढता, तुटेल." मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी सांगितलंय. त्यावर तो गप्पच झाला. तुम्हाला तिकडे बसून कुणाला गप्प करता येतं हे मला आवडलं.

आता तिसरी. ही एका जनावरांच्या डॉक्टरांची आहे. वीस वर्षं ते माळावरच्या वस्त्यांवर याच गाडीने जायचे. आता गुडघ्यांनी संप केलाय, चढता येत नाही, म्हणून विकतायत. राखी रंगाची आहे. खरं सांगायचं तर विकायला त्यांचा जीव होत नाही. मी गाडीभोवती फिरत होते आणि ते माझ्याभोवती.

त्यांनी मला गावाबाहेरच्या खाणीजवळ नेऊन चालवायला दिली. छोटा गियर टाकून उतारावर ब्रेक सोडून द्यायला सांगितलं. मी घाबरून ब्रेक दाबत होते. ते म्हणाले, "पाय काढा. गाडीला उतरू द्या, तिला येतं." आणि खरंच ती पायरी पायरीने उतरली. वाळू लागली की टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही, हेही शिकवलं. पुढच्या दोन रविवारी परत बोलावलंय. गाडी घेतली नाही तरी शिकवणार म्हणाले.

चिमी मागे आडवी झाली. डोकं एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाहीत. मी झोपले तर माझे पोचतात, पण जेमतेम. सुतार प्लायचा एक ओटा करून देणार आहे, त्याखाली दोन खण: एकात शेगडी-भांडी, दुसऱ्यात अंथरूण. पाण्याचे कॅन ओट्याच्या खाली, पुढच्या सीटांना लागून, म्हणजे वजन मध्यावर राहील. टपावर जड काही ठेवायचं नाही, उंच गाडी वरून जड झाली की कलंडते. फावडं, दोर, हवा भरायचा पंप, रुतल्यावर चाकाखाली घालायला जाड रबरी पट्टे. बघा, मी नुसती हवेत बोलत नाही.

फोटो पाठवते आहे. बाकी सगळं मी बघितलंय, सीटा तेवढ्या तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात की घेते. तुम्ही हो म्हणावं असं मला फार वाटतं.

चिमीच्या दुधाच्या दाढा अजून बाकी आहेत. आईंना सांगा.

तुमची सून


२० फेब्रुवारी

सूनबाई, आशीर्वाद.

ही नको.

शिवणीच्या खोबणीत धूळ भरलेली दिसते. म्हणजे मालकाने गाडी निगुतीने ठेवलेली नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटची पाठ मला एका बाजूला झुकलेली वाटते, म्हणजे आतला सांगाडा वाकलेला असणार, म्हणजे गाडी कुठेतरी आपटलेली असणार. शिवाय जनावरांच्या डॉक्टरची गाडी. तो वास जन्मात जायचा नाही, चिमीला उलट्या होतील.

आणखी शोध. घाई काय आहे? या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू. गाड्यांना काही तोटा नाही.

तुझ्या त्या उतारावरून पाय काढण्याबद्दल वाचलं. ब्रेकवरून पाय काढू नकोस.

बाबा


(त्याच पाकिटात, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे)

अगं, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून हे घालता येतंय.

तुझे फोटो आले त्या दिवशी यांनी खिडकीशी उभं राहून भिंगातून बघितले आणि म्हणाले, "काय सुंदर ठेवलीय गाडी." मला बोलावून दाखवली. मग जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी हे पत्र लिहिलं. काय ते तू समज. मी काही सांगितलं नाही.

मला एक सांग, त्या पठारावर माझ्या वयाच्या बाईला बसायला काही असतं का? खाली बसले तर मला उठता येत नाही.

आई


३ मार्च

बाबा,

मी राखी गाडी घेतली.

आधी सांगते, रागावून नाही घेतली. तुमचं जानेवारीचं पत्र आणि फेब्रुवारीचं पत्र शेजारी ठेवून वाचली. जानेवारीत धूळ हा सीटचा दाखला होता, फेब्रुवारीत तीच धूळ हलगर्जीपणा झाली. एका महिन्यात धुळीने एवढं काय केलं? तरी मी गॅरेजमध्ये गाडी वर उचलायला लावली आणि खाली उभी राहून बघितली. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सरळ आहे. सीटची पाठ सरळ आहे. फोटो मी वाकडा काढला होता.

सीट खोटं बोलत नाही, बाबा. सीटवाले बोलतात.

तुम्हाला भीती वाटते. मलाही वाटते, आणि ती तुमच्यापेक्षा कमी नाही. गाडी चालवताना मागे चिमी बसलेली असते आणि आरशात तिचं कपाळ दिसत राहतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे मला कळतं, पण तुम्ही मला ताकच पिऊ देत नाही आहात. मी गेले नाही तर चिमीच्या मनात ती जागा नुसती बाबा जिथे मेला ती जागा होऊन राहील. तो तिथे जगायचाही. शेगडीवर चहा करायचा, पहाटे पांघरूण घेऊन कड्याशी जाऊन बसायचा. हे तिला कोण दाखवणार?

नदीचं पात्र मी ओलांडणार नाही. पठाराला मागच्या अंगाने एक वाट येते, डोंगराला वळसा घालून. लांबची आहे, दगडांची आहे, गाडीचे हाल होतील, पण तिच्यावर पाणी नाही. डॉक्टर त्या वाटेने वर्षानुवर्षं गेलेत. त्यांनी कागदावर वळणं काढून दिली आहेत आणि एप्रिल बरा म्हणाले.

मला तुमच्याकडून परवानगी नको आहे. ती मिळायची असती तर फेब्रुवारीतच मिळाली असती. मला तुमचं काम हवंय. पुढच्या दोन्ही सीटांचा फोम बसलाय, खिडक्यांना आतून लावायला जाड कापडाचे पडदे हवेत. सुट्टी लागली की आम्ही गाडी घेऊन तिकडेच येतो. मी तोंडाची मापं घेऊन पोट भरते, तुम्ही पाठीची. मापात चुकलं तर माणसाला किती टोचतं हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही.

आणखी एक. तिथे वयस्कर माणसाला बसायला काही नाही, नुसता दगड आहे, असं तो सांगायचा. त्याचंही काही करता आलं तर बघा.

तुमची सून


२६ मार्च

अगं,

हे पत्र माझंच आहे, चोरून नाही. यांनी माझी चिठ्ठी ताडली. "वयस्कर माणसाला बसायला" हे वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मला काही लपवता येत नाही.

तू वाट बघत असशील. हे लिहीत नाहीत. तुझं पत्र आल्यापासून वर्कशॉपला कुलूप होतं. लोक सीटा घेऊन यायचे आणि मी अंगणातून सांगायचे, तब्येत बरी नाही. तब्येतीला काही झालेलं नव्हतं. बाजेवर पडून छताकडे बघत राहायचे.

तुला एक माहीत नसेल. जीप बाहेर काढली तेव्हा हे तिकडे गेले होते, आणि भंगारवाला न्यायच्या आधी यांनी ड्रायव्हरची सीट सोडवून घरी आणली. आठवडाभर ती धूत होते, गाळ निघता निघत नव्हता. सुकली तशी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ठेवली आणि चादर घातली. तेव्हापासून तिच्यावर कोणी बसायचं नाही. मी एकदा झाडताना तिच्यावर सुपली ठेवली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. स्वतःही कधी बसत नाहीत.

सीटवाल्याच्या पोटी भिंगरी जन्माला आला आणि त्याचं बूड कधी टेकलं नाही, असं आम्ही हसायचो. यांनी त्याला कधी अडवलं नाही गं. उलट, "जा, बघून ये, मला सांग," म्हणायचे. आता तुला अडवून बघतायत. त्याला अडवायला हवं होतं असं त्यांच्या मनात बसलंय. मी सांगून थकले की तो कुणाच्या अडवण्याने अडला नसता.

आज सकाळी मात्र कुलूप काढलं. मी चहा घेऊन गेले, तर चादर घडी करून बाजूला ठेवली होती आणि हे सीटसमोर स्टूल घेऊन बसले होते. मी चहा ठेवून आले.

तू ये. तुला नाही म्हणायला त्यांना पत्र लागतं. तोंडावर जमायचं नाही.

आई


५ एप्रिल

सूनबाई,

गाडी चांगली आहे. फोटो बघितले तेव्हाच कळलं होतं. एवढी निगा राखलेली सीट माझ्या हाताखालून फार वेळा गेलेली नाही. त्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग.

तुला जे लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही दोघी जाऊ नये एवढंच मला हवं होतं, त्यासाठी धुळीला नावं ठेवली. एकाला पाण्याने नेलं. उरलेत ते घरात राहावेत, डोळ्यांसमोर राहावेत, असं वाटतं. तू दूर राहतेस, चिमी दूर राहते, रोज दिसत नाही, तरी रस्ता आहे तिथे आहात हे माहीत असलं की बरं वाटतं. रस्ता जिथे नाही तिथे तुम्ही आहात हे मला सहन होत नाही. म्हातारा स्वार्थी आहे म्हणशील. आहे.

सीटा शिवून देतो. सुट्टी लागली की या. तुझ्या पाठीचं माप माझ्याकडे आहे, लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हाच नजरेने घेतलं होतं, सवय आहे. पडद्याचं कापड आणून ठेवलंय.

बसायचं म्हणालीस त्याचं असं. त्याच्या सीटचं काय करावं मला दोन वर्षं कळत नव्हतं. तुझी सासू म्हणाली की नव्या गाडीत बसवा. ते मी करणार नाही. ती सीट परत कुठल्याही गाडीत जाणार नाही. लोहाराकडून तिला पाय करून घेतलेत, घडीचे, पाठ मागे सपाट पडते आणि तुझ्या ओट्याखाली मावेल. कापड बदललंय. फोम बदलला नाही. त्याचा खड्डा आहे तसा आहे, डावीकडे जास्त. जन्मभर वाकडा बसला. लहानपणी जेवायला बसला की मी ओरडायचो, सरळ बस, आणि तो सरळ बसायचा आणि दोन घासांनी परत कलायचा. उघडून बघितलं तर फोममध्ये तो तसाच कललेला. मला तो भरून काढता आला नाही.

पात्रात पाणी नाही असं दिसलं तरी उतरायचं नाही. घोट्याएवढं असलं तरी नाही. वर पाऊस कुठे पडतोय ते खालून कळत नाही.

मी येणार नाही. तुझी सासू जाणार म्हणते, तिला ने. जाणाऱ्यांनी परत यायचं असेल तर घरात कोणीतरी थांबलेलं बरं.

बाबा


४ मे

बाबा,

तुमच्या अंगणातून गाडी काढली तेव्हा तुम्ही फाटकाला धरून उभे होतात आणि परत आलो तेव्हाही तिथेच होतात. मधले दिवस तुम्ही आत गेलात का, हे मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फाटकाचा रंग हाताने झिजलाय, त्यावरून वाटत नाही. तेव्हा बोलायला वेळ झाला नाही. चिमी झोपली होती, तुम्ही तिला उचलून नेलंत आणि परत आलाच नाहीत. म्हणून आता घरी पोचल्यावर सगळं लिहिते.

वाट सांगितली त्याहून वाईट निघाली. एका चढावर सुट्टे दगड होते, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी उतरले, टायरमधली हवा सोडली, चाकांखाली रबरी पट्टे घातले. आई मागे बसून देवाचं नाव घेत होत्या आणि चिमी त्यांना सांगत होती, "आजी, आईला येतं." मला येतं की नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. गाडी चढली. 

पठारावर काही नाही, बाबा. मी काय काय कल्पना केल्या होत्या. सपाट खडक, मध्ये मध्ये आखूड गवत, एक वाकडं झाड आणि वारा. त्याने चहासाठी मांडलेले तीन दगड अजून तिथे आहेत, आतून काळे. चिमीने ते ओळखले, कारण तो गोष्टीत सांगायचा की मधला दगड माकडाच्या तोंडासारखा दिसतो. तसाच दिसतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे खरं होतं."

कड्यावरून खाली नदी दिसते. पात्रात पाणी नव्हतं, नुसते पांढरे गोटे. आई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा. त्याच्या सीटची खुर्ची उघडून ठेवली होती, पण कोणीच बसत नव्हतं. मला वाटलं आई बसतील, आईंना वाटलं मी बसेन. शेवटी आईंनी चिमीला सांगितलं, "जा, तू बस, तुझ्या बाबाची आहे."

ती बसली. पाय जमिनीला लागत नव्हते. जरा हलली, परत बसली, आणि म्हणाली, "ही एका बाजूला जाते."  मग ती मुद्दाम त्या बाजूला कलली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "बाबा असाच बसायचा. गोष्ट सांगताना." आणि मग रडायला लागली. बाबा, गेल्या दोन वर्षांत ती त्याच्यासाठी रडली नव्हती. शाळेत पडली तर रडायची, माझ्या ओरडण्याने रडायची, त्याच्यासाठी नाही. मला रोज वाटायचं, ही कधी रडणार. आम्ही तिला गप्प केलं नाही. आई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या, मी खाली बसले होते, आणि ती त्याच्या खड्ड्यात बसून पोटभर रडली. मग तिला भूक लागली.

तुम्ही तो फोम भरून काढला असता तर हे झालं नसतं. तुमचे आभार मानत बसत नाही. तुम्हाला ते आवडायचेही नाहीत.

गाडीबद्दल एक तक्रार आहे. ड्रायव्हरशेजारची सीट तुम्ही आईंच्या मापाने शिवलीत. आई तिथे बसत नाहीत. म्हणतात, पुढे बसलं की तू ब्रेक दाबायच्या आधी माझाच पाय दाबला जातो, मी आपली मागे चिमीजवळ बरी. जाता-येता ती सीट रिकामीच होती. आणि आईंच्या मापाची असल्यामुळे दुसऱ्या कुणाला बसायची नाही. ती उसवावी लागेल.

ऑक्टोबरात परत जायचं म्हणते आहे. या खेपेला घरी कुणी थांबायची गरज नाही. आम्हाला परत यायला येतं, हे तुम्ही पाहिलंत.

पाठीचं माप पाठवा.

तुमची सून


१५ मे

सूनबाई, आशीर्वाद.

हजारो पाठी मोजल्या, पण माणसाला स्वतःची पाठ मोजता येत नाही हे कधी लक्षात आलं नव्हतं. फीत खांद्यावरून मागे टाकली तर खालचं टोक सापडेना. शेवटी तुझ्या सासूला बोलावलं. तिला इंच वाचता येतात, पण फीत कुठे धरायची कळत नव्हतं, म्हणून भांडलो.

खांद्यापासून कमरेपर्यंत तेवीस इंच. रुंदी सतरा. डावा खांदा अर्धा इंच खाली.

ते तिने परत मोजलं. मी म्हटलं, चुकतेयस, सरळ धर. ती म्हणाली, "मी सरळच धरलीय, तुम्ही वाकडे उभे आहात." मग फीत तशीच धरून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "त्याचा खांदा असाच होता. तुम्ही उगाच ओरडायचात त्याला."

मला माहीत नव्हतं. घरात आरसा आहे, पण त्यात मी दाढीपुरतं बघतो.

सीट उसवायला गाडी घेऊन ये, चिमीची शाळा सुरू व्हायच्या आधी जमलं तर बरं. पडद्याचा एक हूक ढिला राहिलाय, तोही लावून देतो. ऑक्टोबरात तिथे थंडी असेल तर आधी कळव, म्हणजे स्वेटर काढून ठेवतो.

आणि ती खुर्ची गाडीतून काढू नकोस. तिच्यात मला एकदा बसून बघायचं आहे.

बाबा